सरकारची बंदी, घरची बंदी

(वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत ऑगस्ट महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ऑगस्ट महिन्यात ‘स्वातंत्र्याची पुस्तके’ असा विषय दिला, की वक्त्याने काय बोलायचे हे बरेचसे ठरून जाते. क्रांतिकारकांची चरित्रे, तुरुंगातल्या आठवणी, मंडालेचे ‘गीतारहस्य’, नगरच्या किल्ल्यात लिहिलेले नेहरूंचे पुस्तक. आत येताना दाराशी मांडलेले ग्रंथप्रदर्शन पाहिले, त्यात ही सगळी आहेत. तिरंगी कागदावर छान मांडली आहेत. तक्रार काहीच नाही. फक्त त्या टेबलावर देश स्वतंत्र होताना दिसतो, माणूस स्वतंत्र होताना दिसत नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ तिथे नाही, ‘गुलामगिरी’ नाही, ‘जिणं आमुचं’ नाही. ती आत कपाटात असतील, बहुधा ‘स्त्रीसाहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ अशा चिठ्ठ्यांखाली. स्वातंत्र्याची पुस्तके म्हणून ती आपण मोजत नाही. का मोजत नाही, एवढाच आजचा माझा विषय.

सुरुवात बंदीपासून करू. स्वातंत्र्याच्या पुस्तकावर बंदी येते, हे आपल्याला नवे नाही. सावरकरांनी लंडनमध्ये बसून 1857 वर मराठीत पुस्तक लिहिले. ते छापून व्हायच्या आतच सरकारने त्यावर बंदी घातली. इंग्रजी भाषांतर 1909 साली हॉलंडमध्ये छापून घ्यावे लागले. डिकन्सच्या कादंबरीची वेष्टने चढवून त्याच्या प्रती हिंदुस्थानात आणल्या, असे सांगतात. पुढे भगतसिंगांच्या मंडळींनी ते गुपचूप पुन्हा छापले. मूळ मराठी हस्तलिखित गोव्याच्या एका गृहस्थांनी, डॉ. कुटिन्हो यांनी, परदेशात वर्षानुवर्षे जपले आणि स्वातंत्र्यानंतर ते परत आले. बंदी उठली 1946 साली. त्या पुस्तकातल्या इतिहासाविषयी मतभेद होऊ शकतात, माझेही आहेत. पण वाचकांनी त्यासाठी काय काय केले ते पाहा. त्याआधी 1907 मध्ये निघालेल्या सावरकरांच्याच मॅझिनीच्या मराठी चरित्राची प्रस्तावना तर तरुणांनी तोंडपाठ केली होती. पुस्तक जप्त झाले, प्रस्तावना डोक्यात राहिली. डोके जप्त कसे करणार?

सरकारी बंदीत पुस्तकाचा एक फायदाही असतो, तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. सरकार बंदी घालते तेव्हा फाइल उघडते. पुस्तकाचे नाव, छापखान्याचे नाव, सालतारीख, सगळे लिहून ठेवते. जप्त केलेली एक प्रत संग्रही ठेवते. साहेबाने मोडून काढायला घेतलेले कितीतरी मराठी साहित्य आज अभ्यासकांना सापडते ते साहेबाच्याच दप्तरात. शिवाय बंदी आली की पुस्तकाला तेज चढते. वाचणारा आपोआप शूर ठरतो.

आता दुसरी बंदी. 1882 साली पुण्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. लेखिका बुलढाण्याची, नाव ताराबाई शिंदे. निमित्त घडले सुरतेला. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला. आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती सौम्य करण्यात आली. त्यावरून वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणे सुरू झाले. ताराबाईंना ते सोसले नाही. त्यांनी विचारले ते थोडक्यात असे: जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? विधवेला संसार बंद, आणि बायको गेल्यावर दहाव्या-बाराव्याला नवी सोयरीक पाहणाऱ्या पुरुषाला काय? भाषा घरगुती आणि धारदार आहे, ऐकणाऱ्याला पळायला जागा न ठेवणारी. देवादिकांनाही त्यांनी सोडले नाही.

या पुस्तकावर सरकारने बंदी घातली नाही. कोणी जप्त केले नाही. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, नाव घेऊन टीकाकारांना झोडपले. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे काही लिहून प्रसिद्ध केल्याचे दिसत नाही. पुस्तक नाहीसे झाले ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मधली नव्वदहून अधिक वर्षे महाराष्ट्र हे पुस्तक न वाचता स्वातंत्र्यावर बोलत होता. या बंदीची फाइल कुठे पाहायला मिळेल? कुठेच नाही. हुकूम नाही, तारीख नाही, सही नाही. घराने घातलेली बंदी अशीच असते.

त्याच 1882 साली, जुलै ते ऑक्टोबर, टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले, कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, चार महिन्यांची सजा झाली आणि एकशे एक दिवसांनी सुटका झाली. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक अवश्य वाचा. तिशीच्या आतले दोन जिवलग मित्र एका कोठडीत आहेत आणि रात्र रात्र वाद घालताहेत. तुरुंगातच आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतराचे काम केले, ‘विकारविलसित’ 1883 मध्ये छापून निघाले. बेड्यांच्या आवाजात मनाच्या द्वंद्वाचे नाटक मराठीत आणणारा हा माणूस, म्हणून मला आगरकर नेहमी जवळचे वाटत आले आहेत. पुढे दोघे तुटले. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा तो प्रसिद्ध तंटा. 1895 मध्ये पुण्याला काँग्रेस भरली तेव्हा तिच्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही, यावरून रण माजले. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

हा तंटा आपल्याकडे दोन थोरांच्या स्वभावाचा किंवा डावपेचांचा म्हणून शिकवतात. मला तो वाचनाचाही वाटतो. दोघेही एकाच डेक्कन कॉलेजातले, मिल्ल आणि स्पेन्सर वाचण्याच्या त्या काळातले. मिल्लने स्वातंत्र्यावरच्या आपल्या 1859 च्या निबंधात एक गोष्ट आरंभीच सांगून टाकली आहे. राजसत्तेचा जुलूम दिसतो. समाजाचा जुलूम त्याहून आत शिरतो, कारण त्याला शिपाई लागत नाहीत. हे वाक्य आगरकरांनी शेजाऱ्यांवर लावून पाहिले. किंमत म्हणून त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. पुण्यातल्या बाकीच्या अनेक पदवीधरांनी तेच पुस्तक परीक्षेसाठी वाचले आणि इंग्रजापुरते लावले.

पुस्तक उंबऱ्याच्या आत आणणारा माझ्या माहितीतला सगळ्यात मोठा वाचक मात्र महाविद्यालयात गेलेला नव्हता. जोतीरावांनी विशीच्या आसपास, 1847 च्या सुमाराला, टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. ते पुस्तक कशाबद्दल आहे? फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थनाबद्दल. राजा, सरदार, वंशपरंपरेने मिळालेला अधिकार यांच्याविरुद्ध. त्यात शूद्रातिशूद्र कुठे आहेत? पुण्यातली मुलगी कुठे आहे? दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याचे पुस्तक वाचून हा माणूस दुसऱ्याच वर्षी, 1848 मध्ये, भिडेवाड्यात मुलींची शाळा काढतो, बायकोला शिकवून शिक्षिका करतो. 1849 मध्ये वडील दोघांना घराबाहेर काढतात. जन्माने मिळालेला अधिकार अन्यायाचा असेल, तर तो व्हर्सायमध्ये जसा अन्यायाचा तसा गंजपेठेतही, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतली गुलामी नाहीशी करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिकेतल्या मुक्तीची वार्ता आणि आपल्या शेजारच्या महार-मांगाची स्थिती एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवता येणे, याला मी वाचन म्हणतो.

पंडिता रमाबाईंनी हे उलट दिशेने केले. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीचेक वर्षे अमेरिकेत फिरल्या. परत आल्यावर 1889 मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. प्रवासवर्णन म्हणून ते चाळले जाते, पण ते एका स्वतंत्र झालेल्या देशाची झडती आहे. इंग्रजाला घालवून दिलेला हा देश, त्याचे कौतुक त्यांना आहेच. आणि मग त्या विचारतात, इथल्या बायका काय शिकतात, काय कमावतात, कायद्याने त्यांचे काय चालते? मोठे प्रकरण त्यांनी यावर खर्च केले. काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही त्यांनी झाकली नाही. देश स्वतंत्र झाला म्हणून आतली माणसे झाली असे त्यांनी गृहीत धरले नाही. आपल्या स्वातंत्र्याला अजून अठ्ठावन्न वर्षे होती, तेव्हा एक मराठी बाई हे लिहीत होती.

वाचनालयात बोलतो आहे म्हणून रखमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लहानपणी लग्न झालेले, सासरी गेल्या नव्हत्या. शाळा सुटली तरी फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरी वाचत राहिल्या. 1884 मध्ये नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटकडे आयुष्यभर काम केले. त्या वेळी ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. तत्त्वासाठी तुरुंग पत्करणे म्हणजे काय हे ज्या टिळकांना 1882 मध्ये कळले होते, त्यांना 1887 मध्ये एका बाईने तेच म्हटलेले ऐकू आले नाही. टिळकांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. फक्त एका प्रकारचे स्वातंत्र्य वाचता येणाऱ्याला दुसरे आपोआप वाचता येते असे नाही, एवढे यातून दिसते.

आता तुम्ही म्हणाल, घरची बंदी म्हणजे पुरुषांची बंदी. तसे सरळ नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे 1910 चे पुस्तक काढा. विधवाविवाहाचा कैवारी न्यायमूर्ती 1873 मध्ये वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो, हा विरोध पुस्तकाच्या मुळाशीच आहे. नवरा शिकवतो, आग्रहाने शिकवतो. आणि माजघरातल्या वडीलधाऱ्या बायका? इंग्रजी पुस्तक हातात दिसले की टोमणे. दिवसभर त्यांच्यात वावरायचे, आणि रात्री त्यांच्या डोळ्यांवर येणारा अभ्यास करायचा. हे पुस्तक रानड्यांचे चरित्र म्हणून वाचले जाते, गोखल्यांची प्रस्तावना आहे म्हणूनही वाचले जाते. मी सुचवीन, एकदा फक्त माजघर वाचा. बंदीची अंमलबजावणी तिथे कोण करते ते पाहा. ज्यांना स्वतःला अक्षर मिळाले नाही, त्याच पहाऱ्यावर उभ्या आहेत.

1933 सालाची जोडी तर विलक्षण आहे. फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, साने गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. 1935 मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि घराघरांत गेली. त्याच 1933 मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रकाशित केले. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या किंवा होऊ न दिलेल्या मुलींच्या मनातले त्यात होते. खळबळ उडाली. ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. बाई नसून पुरुषच असणार असाही तर्क झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, टोपणनावाच्या आड राहिल्या. देशासाठी लिहिणारा गजाआड होता, पण त्याचे नाव पुस्तकावर होते. मुलींसाठी लिहिणारी मोकळी होती, पण तिचे नाव पुस्तकावर येऊ शकत नव्हते.

गुरुजींना मी कमी लेखतो आहे असे कोणी समजू नये. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणाला लावले; स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना हा माणूस विठोबाच्या दाराशी उपोषणाला बसला होता. माझा रोख आपल्या वाचनावर आहे. ‘श्यामची आई’ वाचून आपण रडतो. त्या आईला घरात कोणत्या गोष्टीचा निर्णय करता येत होता, सावकाराचा माणूस दाराशी येऊन अपमान करतो तेव्हा कर्ज तिने काढले होते काय, हे विचारत नाही. रडून झाल्यावर एकदा या अंगानेही ते पुस्तक वाचून पाहा. ते लहान होत नाही. मला तर ते मोठेच वाटले.

बाबासाहेबांचे ‘जातिसंहार’ हे मुळात व्याख्यान. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 मध्ये त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मसुदा वाचला आणि परिषदच गुंडाळली. बाबासाहेबांनी स्वखर्चाने पंधराशे प्रती छापल्या, त्या दोनेक महिन्यांत संपल्या. व्याख्याने देणाऱ्या माझ्यासारख्यांनी नम्र व्हावे असा हा प्रकार आहे. इतके वाचले गेलेले व्याख्यान झालेच नाही! त्यात त्यांनी काँग्रेस आणि सामाजिक परिषद यांचा तोच जुना तंटा पुन्हा उघडला आणि विचारले की, आपल्याच एका वर्गाला रस्ता आणि पाणी नाकारणारे लोक राज्य मागायला पात्र कसे? बंदी सरकारची नव्हती. सुधारकांच्या मंडळाची होती.

आणि मग बेबीताई कांबळे. फलटणला छोटे किराणा दुकान होते. पुडी बांधायला आलेली रद्दी त्या वाचत, पुढे वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागल्या. लिहायचे दुकानात बसून, आणि वह्या घरच्यांच्या नजरेपासून लपवायच्या. कित्येक वर्षे असेच चालले. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. आंबेडकरी चळवळीतली ही बाई, बाबासाहेबांच्या शब्दावर वस्ती कशी उठून उभी राहिली हे अभिमानाने सांगते. त्याच पुस्तकात ती महारवाड्यातल्या सुनेचे हाल, नवऱ्याने कापलेले बायकोचे नाकही सांगते. आपल्या चळवळीची बदनामी होईल म्हणून तिने ते वगळले नाही. देशाचे, समाजाचे आणि बाईचे, अशी तिन्ही स्वातंत्र्ये एका पुस्तकात मांडणारे इतके निर्भय लेखन मराठीत फार थोडे आहे, असे माझे मत आहे. आणि ते लिहिणारीला वाचनाची गोडी रद्दीवर लागली होती, हे वाचनालयांनी विसरू नये.

आजच्या तरुण वाचकाविषयी दोन शब्द. व्यक्तिगत स्वातंत्र्याची पुस्तके हल्ली भरपूर खपतात, असे कोणी मला सांगेल. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर पाहा: आत्मविश्वास वाढवा, श्रीमंत व्हा, मन जिंका. मी यांतली थोडी वाचली आहेत आणि काहींतून व्यवहाराची बरी गोष्ट मिळतेही. पण त्या पुस्तकांतल्या माणसाला जात नसते, सासू नसते, सात-बारा नसतो. तो एकटाच असतो आणि सगळा दोष त्याच्या एकट्याच्या मनात असतो. ताराबाईंच्या किंवा बेबीताईंच्या पुस्तकातला माणूस घरात, वाड्यात, वस्तीत उभा असतो. त्याला अडवणारे कोण, हे नावानिशी कळते. ज्या पुस्तकात अडवणारा कोणीच नाही, ते स्वातंत्र्याचे पुस्तक कसले?

देशाच्या स्वातंत्र्याचे पुस्तक वाचताना शत्रू समुद्रापलीकडचा असतो, त्यामुळे वाचणे सोपे जाते. वाचक नेहमी बरोबर बाजूला उभा असतो. दुसऱ्या पुस्तकांत मात्र तो कधीकधी चुकीच्या बाजूला सापडतो. मी पुरुष आहे, सवर्ण आहे, नोकरदार घरातला आहे. ताराबाई वाचताना मला कितीदा पुस्तक खाली ठेवावेसे वाटले. या अवघडण्यामुळेच ती पुस्तके आपण वेगळ्या कपाटात ठेवतो.

म्हणून कार्यकारी मंडळाला तीन विनंत्या करून थांबतो. पुढच्या ऑगस्टच्या प्रदर्शनात ‘गुलामगिरी’, ‘स्त्री-पुरुष तुलना’, ‘जातिसंहार’, ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘जिणं आमुचं’ त्याच टेबलावर, सावरकर-नेहरूंच्या शेजारी मांडा. वेगळे टेबल नको. दुसरे, दुपारी दोन ते पाच वाचनालय बंद असते. घरकाम उरकून बाईला सवड मिळते ती नेमकी त्याच वेळी. आठवड्यातून दोन दिवस तरी त्या वेळात दार उघडे ठेवा. आणि तिसरे, सभासदांच्या यादीत एका घराचे एकच नाव असते आणि ते बहुतेक पुरुषाचे असते. वर्गणी तीच ठेवा, पण कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या नावाने काढा. कोणी कोणते पुस्तक नेले हे घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगू नका.